नसेल तर द्या

बरकतपुऱ्यातल्या आमच्या मराठी वाचनालयाच्या कमिटीत मी नऊ वर्षं आहे. इतक्या दिवसांत तिथे कुणी पुस्तक वाचताना मला दिसलेलं नाही. सत्कार मात्र सतत चालू. हैदराबादेत थंडी ती किती, पण शाली वाटण्याची हौस भागत नाही.

यंदा या मंडळींना दारातली बिडाची दानपेटी दिसली. ती कुणा जुन्या सभासदाने कोकणातल्या कोळीवाड्यातून आणलेली. समुद्रात होडी बुडाली की त्या घरासाठी तिथे ती ठेवत. तिला कुलूप नाही आणि तोंड मूठ जाईल एवढं रुंद. बंद मूठ आत घालायची, बंद मूठच बाहेर काढायची, म्हणजे कोणी टाकलं आणि कोणी घेतलं ते कळत नाही. माझ्या शाळेच्या फीसाठी आईनेही इथेच तिच्यात मूठ घातली होती, हे मला ती गेल्यावर मावशीने सांगितलं. पेटीवर ओतीव अक्षरं होती, 'असेल तर द्या, नसेल तर घ्या.'

आमच्या तिशीतल्या सेक्रेटरीला हेरिटेजचा झटका आला. त्याने दिलसुखनगरचा तेलुगू पेंटर आणला. पेंटरने गंजाबरोबर अक्षरंही घासून सपाट केली आणि सेक्रेटरीने आठवून सांगितलं तसं सोनेरी रंगात लिहिलं, 'असेल तर द्या, नसेल तर द्या.' उद्घाटनाला चाळीस मराठी माणसं त्या ओळीपुढे दात काढून फोटोला उभी राहिली. एकालाही काही खुपलं नाही. असल्या विद्वानांपेक्षा अंगठेबहाद्दर परवडले.

मी चूक दाखवली तेव्हा सेक्रेटरीने मोबाईलमधून मान वर केली नाही.

"काका, चलता है. वाचतंय कोण इथं?"

वाचनालयाचा सेक्रेटरी हे म्हणतो! आणि मी तरी कसला शूर, पेढा खाऊन घरी आलो.

पुढच्या गुरुवारी जामबागच्या पोळ्यावाल्या बाई आल्या. त्या दर महिन्याला आधी पेटीशी जायच्या, मग शेजारच्या मेडिकलमध्ये रक्तदाबाच्या गोळ्यांना. मी बघून न बघितल्यासारखं करायचो. बाई चौथी शिकलेल्या. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवत ती ओळ दोनदा वाचली. मग पदराची गाठ सोडली, होतं ते नाणं पेटीत टाकलं आणि हात उघडाच बाहेर काढला.

मला राहवलं नाही. जवळ जाऊन म्हटलं, बाई, ते चुकीचं लिहिलंय, तुम्ही घ्या.

त्यांची मान खाली गेली. मी बघत होतो, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

"नक्को भाऊ," त्या म्हणाल्या. "येवढे शिकलेले लोक तुम्ही. चुकीचं कसं लिव्हताल?"

मेडिकलसमोरून त्या न थांबता पुढे गेल्या.