पालकांची परवानगी

मुलांनो, तुमचे आजोबा फौजेतून सुटून आले आणि यवतमाळला मिशनच्या कॉलेजात माझ्याच वर्गात दाखल झाले. आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. कॉलेजचा नियम असा, की आवारात मुलींनी पालकांच्या परवानगीशिवाय मुलांशी बोलायचं नाही. आजोबांना नियम म्हणजे हुकूम.

एका सकाळी प्रार्थना चालू असताना मला आठवलं, की घरी शेगडीवर तुरीची डाळ तशीच राहिली आहे. किल्ली आजोबांच्या खिशात होती. बाहेर आल्यावर मी हाक मारली, तर ते नजर समोर ठेवून कवायतीच्या चालीने निघून गेले. मी प्राचार्यांकडे धावले. ते शांतपणे म्हणाले, "पालकांना बोलवा." माझे पालक म्हणून कॉलेजात नाव आजोबांचंच होतं.

शिपायाने त्यांना आणलं. ते सावधान उभे राहिले.

"तुमच्या पत्नीला वर्गातल्या एका मुलाशी बोलायचं आहे. तुमची हरकत?"

"पोरगा कोण, सर?"

"तुम्हीच."

आजोबांनी जरा विचार केला. "ओळखतो त्याले. शिस्तीचा आहे. बोलू द्या."

मग त्यांनी माझ्याकडे वळून किल्ली दिली. मी घरी पोचेपर्यंत डाळीचा कोळसा झाला होता.

संध्याकाळी मी त्यांच्यापुढे भाकर आणि मिरचीचा ठेचा ठेवला. थोडं खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "काहून बोलून नाही राह्यली?"

मी म्हटलं, "पालकांना विचारून सांगते."