एका पायानं चालणारी गाडी

मी बार्शी सोडली त्या दिवशी अण्णांनी, माझ्या वडिलांनी, ओळखीतल्या एकाची जीप ठरवली होती, कारण दिल्लीची गाडी कुर्डुवाडीहून पकडायची होती. आई आणि मी मागे बसलो. पुढे ड्रायव्हरशेजारी नंदाताई, माझी थोरली बहीण. लहानपणी पोलिओ झाल्यापासून तिच्या डाव्या पायाला कॅलिपर असायचा, काखेत कुबडी. पाय वाकत नसल्यामुळे पुढची सीट नेहमी तिचीच. स्टेशनात पलीकडच्या फलाटावर जायला पूल चढावा लागत होता, म्हणून ती जीपमध्येच थांबली. मी नमस्काराला वाकलो तर म्हणाली, "पाया काय पडतोस, गाडी चुकेल." फलाटावर आईनं शेंगाचटणीची पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "तू बिनघोर जा. आम्ही आहोत इथं."

मी बिनघोर गेलो. करोल बागेतल्या एका खोलीत लातूरच्या एका मुलाबरोबर राहिलो. तो परीक्षांचा अभ्यास करायचा आणि मी नोकरी. मग लग्न, मग गुडगाव, मग प्रमोशनं. तिकडे अण्णांना अर्धांगवायू झाला, काही वर्षांनी ते गेले. मग आईचे डोळे गेले आणि नंतर आईची सगळीच शक्ती गेली. मी विमानानं जायचो, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायचो, चार दिवसांनी परतायचो. 'आम्ही' म्हणजे प्रत्यक्षात एकटी ताई होती. मुलींच्या शाळेत क्लार्कची नोकरी करायची, कुबडी टेकत जायची-यायची आणि घरी आल्यावर आईला भरवायची. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे घर सोडून आले, त्यांच्याही घरी असं कुणीतरी असेल. नीट आठवून बघा.

आई-अण्णांना मी दोनदा दिल्ली दाखवली. कुतुबमिनार, आग्रा, सगळं. दोन्ही वेळा घर सांभाळायला ताई मागे राहिली. तिचा विषय निघाला की मी म्हणायचो, "दिल्ली तुझ्यासाठी नाही गं ताई. इथं फार चालावं लागतं." आपण तिचीच काळजी घेतोय, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

चाळिशीनंतर मी गोल्फ खेळायला लागलो. आधी ऑफिसच्या ओळखींसाठी, मग आवडीनं. पुढे खुर्चीत बसून बसून पाठ धरली. डॉक्टरनं सांगितलं, खेळा, पण सगळा कोर्स, म्हणजे ते भलंमोठं मैदान, पायी चालू नका. मैदानावर फिरायला क्लबच्या भाड्याच्या गाड्या असतात, त्या रविवारी मिळेनात. त्याच सुमारास एक मेंबर कॅनडाला निघाला होता, त्याची बॅटरीवरची गोल्फ कार्ट मी घेतली. पांढरी, दोन सीटची, वर छप्पर, मागे बॅग बांधायला पट्टे. आमच्या क्लबात स्वतःची कार्ट ठेवता येते. ती तिथल्याच शेडमध्ये चार्जिंगला लावायची, तिला नंबर मिळतो, आणि ज्याच्या नावावर असेल त्यानंच ती चालवायची. थोडीशी पाठ दुखते म्हणून माझ्यासाठी गाडी आली, आणि ती मी आनंदानं घेतली. तेव्हा मनात दुसरं काहीही आलं नाही.

आई गेल्यानंतरच्या फेब्रुवारीत ताई पहिल्यांदा दिल्लीला आली. माझी बायको मंजिरी फोनवर म्हणाली होती, "आता तिथं एकट्या काय करताय, या थोडे दिवस." मी पलीकडच्या खोलीत होतो. हे वाक्य माझ्या तोंडून कधीच निघालं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

रविवारी मी तिला कोर्सवर घेऊन गेलो. ऊन कोवळं होतं, गवत ओलं. ताईनं कुबडी पायांशी आडवी ठेवली आणि छपराचा दांडा धरून बसली. माझ्याबरोबर सेठी नेहमी खेळतो, तो आपल्या गाडीतून शेजारून येत होता. बोलका माणूस. तिसऱ्या होलपाशी थांबलो तेव्हा त्यानं ताईला विचारलं, "दीदी, भाई इतने साल से यहाँ है, आप पहले क्यों नहीं आयीं?"

ताई हसली. तिच्या बार्शीच्या हिंदीत म्हणाली, "किसीने बुलाया नहीं."

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. कुणी वेळ विचारावी आणि आपण सांगावी, तसं ती बोलली. सेठी माझ्याकडे बघून एकदम आपल्या बॅगेत काहीतरी शोधू लागला. माझी खेळायची पाळी होती. मी काय मारलं, कुठे मारलं, मला कळलं नाही. चेंडू झाडीत गेला. तो शोधायच्या निमित्तानं मी बराच वेळ झाडीत उभा राहिलो. पाय, गर्दी, जिने, उन्हाळा ही सगळी कारणं मी इतकी वर्षं तिच्या वतीनं ठरवली होती. तिला विचारलं मात्र कधीच नव्हतं.

परत आलो तर ताई खाली वाकून पेडल बघत होती. विचारलं, "याला क्लच नाही?"

मी म्हटलं, नाही, दोनच पेडल, एक चालायला आणि एक थांबायला.

"आणि दोन्हीला उजवाच पाय?"

"हो."

ती म्हणाली, "म्हणजे एका पायानं चालते की ही."

मी किल्ली लावलेलीच ठेवली आणि तिला माझ्या जागी सरकायला सांगितलं. सुरुवातीला गाडीनं दोन गचके खाल्ले. मग ताई रस्त्याला लागली. वळणावर हळू, चढावर जरा जोरात, उतारावर पाय ब्रेकवर. जन्मात तिनं काही चालवलं नव्हतं. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलेलं, पदर खांद्यावरून उडतोय. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी तिला लहान केलं होतं, दिल्लीपुरतं नव्हे, सगळ्याच बाबतीत, एवढंच डोक्यात फिरत होतं.

पाचव्या होलच्या रस्त्यावर क्लबचा मार्शल मोटरसायकलवरून आला. सभ्यपणे म्हणाला, "सर, गाड़ी आपके नाम पर है, चलाएँगे आप ही. गेस्ट को देंगे तो परमिशन जाएगी."

ताईला सगळं कळलं. मी काही बोलायच्या आत तिनं कुबडी उचलली आणि बाजूच्या सीटवर सरकायला लागली. तिला कुणी उठ म्हणायची वेळच तिनं कधी येऊ दिली नव्हती. आपली जागा सोडायची तिला इतकी सवय होती.

मी म्हटलं, "ताई, बस तिथंच. तूच चालव."

"अरे, तो काय म्हणतोय..."

"म्हणू दे."

मार्शलनं नंबर लिहून घेतला. ताईनं उरलेला सगळा कोर्स गाडी चालवली. पुढच्या आठवड्यात क्लबचं पत्र आलं, त्या मोसमापुरती माझी कार्ट शेडमध्ये बंद. सेठी म्हणाला, "यार, सॉरी बोल दे, छोड़ देंगे." मी बोललो नाही. पण यात मोठेपणा कसला? इतक्या वर्षांत तिच्यासाठी मी गमावलं ते एवढंच, आणि तेही खेळातलं.

जायच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, इथंच राहा. ती चहा ओतत होती. म्हणाली, "राहायची नाही. माझं सगळं तिकडे आहे. येत जाईन, पण बोलवत जा." मग मी, का कोण जाणे, विचारलं की इतकी वर्षं तिला राग येत होता का. तिनं कप माझ्यापुढे सरकवला. "येत होता ना. मंजिरीचा फोन आला त्या दिवशी गेला." माझ्या फोननं नव्हे. हे ती मुद्दाम बोलली नाही, पण खरं होतं ते.

बार्शीला गेल्यावर महिन्याभरात तिनं तीनचाकी बॅटरीची स्कूटर घेतली. स्वतःच्या पैशानं; मी देऊ केले तर म्हणाली, "तुझी गाडी बंद आहे, आधी ती सोडव." आता ती शाळेतल्या जुन्या मैत्रिणींकडे जाते, बाजारात जाते, संध्याकाळी उगाचच बायपासपर्यंत जाऊन येते.

मी बार्शीच्या घरच्या फोनवर फोन करतो. म्हणजे हल्ली खरोखर करतो, आणि 'ये' म्हणायला करतो. बऱ्याचदा तो नुसता वाजत राहतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला चक्क राग आला. बार्शीचं घर म्हणजे कधीही फोन लावा, तिकडे कुणीतरी असणारच, अशीच माझी समजूत होती. त्या समजुतीच्या जिवावर मी परक्या शहरात निर्धास्त झोपलो. ते कुणीतरी असणं ताईच्या कुठेच न जाण्यातून आलं होतं.

परवाही फोन उचलला गेला नाही. घरात कुणी नव्हतं. मी तो पूर्ण वाजू दिला.