पायाचा ब्रेक

बाबांनी तीस वर्षं अर्जुनी मोरगाव ते केशोरी काळीपिवळी चालवली, आणि त्या तीस वर्षांत स्टँडवरून एकदाही रिकामी गाडी काढली नाही. सवारी बसल्याशिवाय चाक हलवायचं नाही, हा त्यांचा नेम. कोणी फार घाई केली की म्हणायचे, उतरा, मागून बस येऊन राहिली, तिच्यात जा. आणि बिडी पेटवायचे. आमचं गाव त्याच रस्त्यावर. सकाळी घरून निघताना गाडीत कोण असणार? मग माझी माय डोक्यावर पदर घेऊन मागच्या सीटवर बसायची. गावाबाहेरच्या चिंचेपर्यंत जायची आणि तिथून पायी परत यायची. पहिली सवारी घरची, म्हणजे दिवस चांगला जातो, असं बाबांचं म्हणणं. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं सगळ्यांच्याच माया असं करतात.

तीन वर्षांपूर्वी बाबांना लकवा मारला. डावा हात गेला, डावा पाय गेला. उजवी बाजू शाबूत राहिली. बोलणं महिनाभराने परत आलं, पण अर्धं तोंड वाकडंच राहिलं. काळीपिवळी उभी राहून सडण्यापेक्षा दुसऱ्याला देऊन टाकली. तिला न्यायला माणूस आला त्या दिवशी बाबांनी भिंतीकडे तोंड करून घेतलं.

त्यानंतर ते अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसू लागले, रस्त्याकडे तोंड करून. सकाळी बसवलं की संध्याकाळी उठवायचं. माय त्यांना उचलायची, धुवायची, भरवायची. तुम्हाला सांगते, माझी माय म्हणजे पाव किलोची बाई, पण त्यांना काखेत हात घालून असं उभं करायची की मी पाहतच राहायची. दर आठवड्याला ती अंगण सारवायची तेव्हा खुर्चीसमोर एक खड्डा बुजवायची. बाबांच्या उजव्या टाचेखाली पडायचा तो. पाय घासतात, दुसरं काय, असं आम्ही धरून चाललो होतो.

बाबा जेवण सोडत चालले होते. आधी एक पोळी कमी झाली, मग भाताचे चार घास. डॉक्टरने सांगितलेला व्यायाम तर कधीच सुटला होता. मी चिडायची. माझा स्वभावच तसा, नाकावर राग. म्हणायची, अर्धं अंग चांगलं आहे ना, ते तरी हलवा. बाबा म्हणायचे, "गाडी गेली, बाई. आता मानूस कायले ठेवून राहिला देव?" रोज हेच. ते समोर बसून वाळत होते आणि मला ते दिसत होतं.

मी मोटर वायंडिंग करते. अर्जुनीत माझं छोटं दुकान आहे. धानाला पाणी देता देता जळलेल्या मोटरी लोक आणून टाकतात, मी जुनी तार काढून नवी भरते. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला आम्ही दोनच मुली होतो, दुसरीचं लग्न झालं, मी राहिले. हाताला कळतं माझ्या, कुठल्या कॉइलला काय झालं ते. म्हणून एका दुपारी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि माझ्या अंगात आलं. परदेशातल्या कोणा माणसाने खरीखुरी चारचाकी रेडिओने चालवली होती. गाडीत कोणी नाही, हा बाहेर उभा, हातात रिमोट. मी तो व्हिडिओ दहा वेळा पाहिला. बाबांचा उजवा हात चांगला आहे. रिमोटला एक हात पुरतो. झालं, माझं ठरलं.

गाडी मिळाली एका रिटायर मास्तरांकडून. जुनी, छोटी, पांढरी, दोन वर्षं गोठ्यात उभी होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. भंगारात द्यायचीच होती, तर मास्तर म्हणाले, ने. ट्रॅक्टरने ओढून घरी आणली तेव्हा गाव जमलं. मी काय करून राहिली ते ऐकल्यावर शेजारचे काका म्हणाले, हे तर उंटावरून शेळ्या हाकायचं यंत्र झालं. हसले सगळे. बाबा हसले नाहीत. मान वळवून गाडीकडे पाहत राहिले. तेवढंही त्यांनी किती दिवसांत केलं नव्हतं.

दोन महिने लागले. नाकी नऊ आले माझ्या. स्टिअरिंगला ट्रकच्या वायपरची मोटर बसवली आणि सायकलची चेन लावून फिरवली. ॲक्सिलरेटरची वायर ओढायला एक लहान मोटर. ब्रेकसाठी जुन्या मोठ्या डिश अँटिनाला फिरवणारा दांडा मिळाला, तो लांब-आखूड होतो, तो पायडलला टेकवला. क्लचचं काही जमेना, म्हणून सोडूनच दिला. गाडी पहिल्या गिअरमध्येच ठेवायची, तशीच सेल्फ मारायची, की ती एक उसळी घेऊन चालू पडायची. थांबवायची तर ब्रेक दाबायचा, इंजिन आपोआप बंद. रिमोट मागवला खेळण्यातली विमानं उडवतात तो. एका दांडीवर वळणं आणि वेग, वर सेल्फचं बटण, आणि अंगठ्यापाशी लाल बटण, ते ब्रेकचं. शिवाय एक तोडायचं बटण वेगळं माझ्या हातात, इंजिनाचा करंट बंद करणारं. विचार केला नव्हता असं कोणी म्हणू नये.

बाबा खुर्चीतून सगळं पाहायचे. मग एक दिवस म्हणाले, मागच्या डाव्या टायरात हवा कमी हाये. मग चोक ओढ म्हणाले, मग प्लग साफ कर. तिसऱ्या आठवड्यात जेवताना भात मागितला. माय स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी गेले तर डोळे पुसत होती. म्हणाली, धूर झाला. गॅसवर कुठला धूर येतो?

रिमोट त्यांच्या हातात पहिल्यांदा दिला तेव्हा त्यांनी एकच विचारलं. "ब्रेक कुठं हाये?"

मी लाल बटण दाखवलं.

"इथं? हातात?"

मी म्हटलं, हो, हातातच, आता हे असंच असतं, आता तुम्ही जुने राहू नका. त्यांनी अंगठा त्या बटणावर ठेवून पाहिला, काढला, पुन्हा ठेवला. ती घडी मी आता रोज आठवते. बाबांनी विचारलं होतं हो. दुसरं कोणी असतं तर थांबलं असतं, म्हटलं असतं, काऊन विचारता? पण मी वायंडिंगवाली. मला सगळं हातातच दिसतं.

धान कापून झालं होतं. घरामागच्या आमच्या बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, कोरड्या पडल्या होत्या, धसकटं तेवढी उभी. मी मधला एक धुरा, मातीचा बांध, फावड्याने फोडून दोन बांध्यांची एक केली. पलीकडच्या टोकाला गावाची बोडी, पावसाचं पाणी साठवायचं लहान तळं. तिला तीन बाजूंनी मातीची उंच पार आहे, पण आमच्या बाजूने पाणी आत उतरतं म्हणून ती बाजू उघडी. त्यात त्या वर्षी बोडी खोदून खोल केली होती, त्यामुळे काठ सरळ कापल्यासारखा झाला होता. पण बोडी आमच्या टोकापासून दूर होती. मी एकटीने दोन दिवस गाडी चालवून पाहिली. आज्ञाधारक बैलासारखी फिरली.

मग बाबांना खुर्चीसकट बांधीच्या कडेला नेऊन बसवलं. चारपाच शेजारी आले. रिमोट मांडीवर, उजवा हात दांडीवर. मी म्हटलं, मारा सेल्फ. ते मारेनात. गाडीकडे पाहत बसले.

"सवारी कुठं हाये?"

मला आधी समजलंच नाही. मग म्हटलं, बाबा, ही तशी गाडी नाही, हिच्यात कोणी बसत नसतं.

"खाली गाडी मी काढत नाही."

शेजारी हसले. माझं डोकं फिरलं. दोन महिने मी रक्त आटवलं आणि आता ह्यांचा तो रिकाम्या गाडीचा नेम आडवा. मी काही बोलणार, तेवढ्यात माय पुढे झाली. तिने पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "मी बसतो ना." आणि चालत गेली, मागचं दार उघडलं, बसली. अगदी चिंचेपर्यंत जायला बसायची तशी, हात मांडीवर ठेवून.

मी तिला उतरवायला पाहिजे होतं. मला कळत होतं की उतरवायला पाहिजे. पण बाबांचा चेहरा पाहिला. ते हसत होते, जेवढ्या तोंडाने हसता येतं तेवढ्याने. मी पण हसले. खरं सांगते, तीन वर्षांत एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

पहिला फेरा सुरेख झाला. गाडी धसकटांवरून हलत डुलत गेली, वळली, परत आली. मायेची मान खिडकीत ताठ. बाबांनी गाडी आमच्यासमोरून नेली तेव्हा नुसती मान हलवली, स्टँडवर ओळखीच्या माणसाला हलवायचे तशी. दुसऱ्या फेऱ्यात गाडी दूर जाऊन वळली आणि तोंड आमच्याकडे केलं. आता तिचं डावं ते आपलं उजवं. मी हे सांगितलं होतं, पण तीस वर्षं जो आत बसून चालवतो त्याचं डावं कुठे बदलतं? त्यांनी सावरायला दांडी वळवली, गाडी उलट गेली. पुन्हा वळवली, आणखी गेली. ती बोडीकडे लागली.

बाबांना सगळ्यांच्या आधी समजलं. मी ओरडले, ब्रेक. आणि त्यांनी ब्रेक मारला. उजव्या पायाने मारला. होता नव्हता तेवढा जोर लावून त्यांनी टाच जमिनीत रोवली, चप्पल निसटली, खुर्ची मागे कलंडली, तरी पाय दाबलेलाच. अंगठा बटणापासून बोटभर दूर पडला होता. त्याला काही माहीतच नव्हतं. मी माझं बटण दाबलं, इंजिन बंदही पडलं, पण तोवर पुढची चाकं काठावरून उतरली होती. गाडी तोंडावर बोडीत गेली.

करायला गेले काय आणि वरती झाले पाय, म्हणतात ना.

पाणी कमरेएवढंच होतं. शेजाऱ्यांनी उड्या टाकल्या, मायला काढलं. ती रडली नाही, ओरडली नाही. चिखलात पडल्या पडल्या पहिलं विचारलं ते बाबांना कोणी उचललं का. तिच्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. गोंदियाला नेलं, ऑपरेशन झालं, सळई टाकली. आता ती वॉकर धरून संडासापर्यंत जाते. बाबांना ती पुन्हा कधी उचलू शकणार नाही, हे डॉक्टरने सांगायची गरज नव्हती.

आता मी उचलते. दोघांनाही. दुकान कधी उघडतं, कधी नाही. लोकांनी मोटरी दुसरीकडे न्यायला सुरुवात केली, त्यांना काय दोष द्यायचा, धान थांबत नाही. गाडी ट्रॅक्टरने काढली आणि मास्तरांना न विचारता भंगारात दिली. येणारे जाणारे घरी येऊन मला शहाणपण शिकवतात. मी ऐकून घेते, पहिल्यासारखं तोंड चालत नाही माझं. माय म्हणते, "माझ्या मनानं बसली मी, तुले काय." ती असं म्हणते तेव्हा मला तिथून उठून जावंसं वाटतं.

बाबांनी त्या दिवसापासून बोलणं सोडलं. एक शब्द नाही. भरवलं तर गिळतात, नाही भरवलं तर मागत नाहीत.

माय दवाखान्यात होती तेव्हा पहिल्यांदा अंगण मी सारवलं. खुर्चीसमोर तो खड्डा होता. शेण भरता भरता रस्त्यावरून एक ट्रॅक्टर जोरात आला, वळणावर आडवी गाय. बाबांचा पाय माझ्या हाताशेजारी जमिनीत रुतला. गाय गेली, पाय सैल पडला. मी तशीच बसून राहिले, हात शेणाने भरलेले. तीन वर्षं तो माणूस ह्या खुर्चीतून रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला ब्रेक मारत होता, आणि तीन वर्षं आम्ही खड्डा बुजवत होतो. माझ्या डोळ्यांपुढे होतं. ब्रेक पायाला द्यायचा होता. एक पायडल आणि दोन वायरी. अर्ध्या तासाचंही काम नाही ते.

मग माय घरी आल्यावर मी ते केलं. का केलं विचारू नका. गाडी भंगारात देताना ब्रेकचं पायडल काढून ठेवलं होतं मी, ते फळीवर बसवलं, खाली स्प्रिंग, स्विच, आणि समोर एक लहान लाल दिवा, दाबलं की लागणारा. बरोबर तेवढ्याच ताठपणाचं. खुर्चीसमोर ठेवलं आणि त्यांचा उजवा पाय उचलून त्यावर ठेवला. माय दारात वॉकर धरून उभी होती.

बाबांनी पायडलकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि इतक्या महिन्यांनी बोलले.

"आता कायले, बाई?"

पाय त्यांनी स्वतःच काढला आणि बाजूला ठेवला.

फळी मी उचलून आत नेली. अंगण अजून मीच सारवते, दर आठवड्याला. रस्त्यावरून गाड्या जातात, ट्रॅक्टर जातात, बाबा समोर बसून असतात. खुर्चीपुढची जमीन आता सपाट असते. बुजवायला काही नसतं.