सिंकच्या देशातली रजा

माझ्या वहिनीच्या स्वयंपाकघरातून दोन देशांची हद्द जाते. थापा नाही मारत, या आणि बघा. ओट्यावर गॅस आणि सिंक यांच्या मधोमध पिवळा पट्टा मारलाय. गॅस आपल्या देशात, सिंक पलीकडच्या. घर आधीचं, हद्द नंतरची. आखणाऱ्यांना वळसा घालायचा कंटाळा आला असणार. लग्न होऊन आल्यापासून वहिनी बटाटे तिकडे धुते, इकडे चिरते, आणि कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते यंदा, वहिनीची पाठ धरल्यावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मणका सरकलाय, आठ दिवस कामाला सुट्टी, नाहीतर कायमची अंथरुणाला खिळशील. वहिनीने घरी येऊन हे दादाला सांगितलं. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ, घड्याळं दुरुस्त करतो. पुढच्या खोलीतच दुकान, तिथे डोळ्याला भिंग लावून बसतो. गिऱ्हाईक दिवसाला एखादं, तेही नाही आलं तर पेपर वाचतो, पण बसतो मात्र कामावर.

"सुट्टी कुणाकडून घेणार?" भिंग न काढताच तो म्हणाला. "तू कुठे कामाला जातेस? हे घरचंच की."

वाईट नाही हो तो. त्याला खरंच तसं वाटत होतं. वहिनी आत येऊन ओट्याला धरून उभी राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी पडले दोन घरं सोडून राहणारी नणंद. तोंड उघडलं असतं तर म्हणाले असते, झाली हिची लुडबुड सुरू.

त्याच आठवड्यात मोजणी आली. दोन्ही सरकारांत चुरस लागली होती: कामावरचे पुरुष आणि कामावरच्या बायका, यांच्यातलं अंतर कोणाच्या देशात कमी. आपला मोजणीवाला पुढच्या दाराने आला, पलीकडची मोजणीवाली मागच्या. दोघं पट्ट्याच्या आपापल्या बाजूला स्टूल टाकून बसले आणि वहिनीकडे टक लावून बघू लागले.

आपल्या नियमात घरचा स्वयंपाक हे काम नव्हे. त्यांच्या नियमात भांडी घासणंसुद्धा काम. झालं! वहिनी सिंककडे वळली की बाई म्हणायची, "लागल्या कामाला." गॅसकडे वळली की आपला म्हणायचा, "आल्या रिकाम्या." दूध उतू गेलं तेव्हा ती फडकं घेऊन इतक्यांदा इकडून तिकडे गेली की दोघंही दमले आणि त्यांनी चहा मागितला. तो तिनेच केला, रिकाम्या बाजूला उभी राहून.

कप विसळताना कळ सोसत वहिनीने विचारलं, "तुमच्याकडे मी कामगार, तर मला रजा मिळते का?"

"पाठदुखीची आठ दिवस," मोजणीवाली म्हणाली. "मात्र आमच्या हद्दीत घ्यावी लागेल."

वहिनीने हात पुसले. मला म्हणाली, "ताई, ती खुर्ची जरा सिंकशेजारी सरकवता?" मी अशी सरकवली म्हणून सांगू. ती बसली.

दुपारी दादा आत आला. "अगं, जेवणाचं काय?"

"मी परदेशात आहे," वहिनी म्हणाली.

दादा आधी रुसला. मग उपाशीपोटी रुसवा किती टिकणार? दुसऱ्या दिवशी त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि गॅस पेटवला. वहिनी खुर्चीवरून सांगायची, तो करायचा, झाडू-पोछासुद्धा, पट्ट्यापर्यंत. भांडी मात्र घासेना. परक्या देशात पाऊल टाकणार नाही म्हणाला. ओट्याच्या टोकाला ढीग साचला आणि पेल्यात वरण घ्यायची पाळी आली.

आठवड्याच्या शेवटी मोजणीवाले पुन्हा आले. दादाच्या कपाळावर भिंग तसंच अडकलेलं, कांद्याने डोळे लाल.

"गेल्या आठवड्यात काय केलंत?" आपल्या माणसाने विचारलं.

"दिसत नाही का? रांधतोय, झाडतोय, पुसतोय. नाकी नऊ आलेत."

"आणि दुकान?"

"बंद. वेळ कुणाला आहे?"

मोजणीवाल्याने लिहून घेतलं आणि खुशीत येऊन दादाचा हात धरला. "फार बरं केलंत. एक बाई कामाला लावायची तर केवढी खटपट. तुम्ही एक पुरुष कमी केलात. अंतर तेवढंच घटलं."

दादाला ते उमगायला वेळ लागला. "म्हणजे मी काम करत नाही? मग सकाळपासून हे काय करतोय?"

"हे घरचंच की," मोजणीवाला म्हणाला.

दादाने वहिनीकडे पाहिलं. आता ही चांगलं सुनावणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मला ते हवंच होतं. ती एवढंच म्हणाली, "गॅस बारीक करा, करपेल." त्याने बारीक केला.

रजा संपली त्या सकाळी वहिनी खुर्चीच्या हाताला धरून उठायला लागली. दादा पट्टा ओलांडून पलीकडे गेला आणि तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

"बस अजून," तो म्हणाला. "आठ दिवसांत पाठ बरी होते होय? माझीच नाही झाली."

मग बाह्या सारून तो सिंकपाशी उभा राहिला आणि भांडी घासायला लागला. त्या बाजूला निदान ते काम धरतात.