समुद्र जोत्याखाली

पाण्याला घाबरणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण ज्यांना पाणी घाबरतं असे गृहस्थ मी एकच पाहिले, आणि नशिबाने म्हणा की लेकीच्या पसंतीने म्हणा, ते आमचे व्याही आहेत. हसनाबादचे राहणारे, उंचीने बेताचे, मिशीने भरपूर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. काम काय, तर तलावाच्या भिंतीशी उभ्या केलेल्या पट्टीवर रोज सकाळी आठ वाजता पाण्याची पातळी वाचायची आणि तालुक्याच्या कचेरीला कळवायची. इतक्या साध्या कामात कुणी बदनाम होईल असं वाटणार नाही. पण व्याही रुजू झाले त्याच वर्षी पहिला तलाव आटला. बदली झाली, तर दुसरा आटला. तिसऱ्यावर गेले तेव्हा तो काठोकाठ भरलेला होता आणि गावकऱ्यांनी त्यांना हारही घातला होता. दोन उन्हाळ्यांनी त्याच गावकऱ्यांनी तलावाच्या तळात क्रिकेटचे सामने भरवले आणि बक्षीस द्यायला यांनाच बोलावलं. तलावातलं पाणी पाटाच्या दरवाजाच्या उंबऱ्याखाली गेलं, पाटात सोडण्याजोगं उरलं नाही, की खात्याच्या भाषेत ते 'जोत्याखाली' जातं. व्याह्यांनी नोकरीभर हा शब्द इतक्या वेळा लिहिला, की लोक त्यांनाच 'जोत्याखालचे साहेब' म्हणू लागले.

आता दुष्काळ काय एकट्या व्याह्यांनी आणला होता? जालना जिल्ह्यात ज्याची नोकरी पाण्याशी, त्याच्या नशिबी कोरडं पडणं आलंच. आमच्या दोन्ही घरांत अंगारे-धुपारे, नजर, पायगुण असल्या गोष्टींना थारा नाही. व्याही तर दर पौर्णिमेला विहारात अंधश्रद्धेवर बोलायला उभे राहतात आणि खाली बसायचं नाव काढत नाहीत. पण सगळ्या जगाला 'पायगुण डोक्यातून काढा' म्हणून सांगणाऱ्या या माणसाने स्वतःच्या दोन पायांना तेवढं त्यातून वगळलं होतं. आमच्याकडे जालन्यात मस्तगडला मुलगी बघायला आले, त्याच दिवशी आमच्या बोअरचं पाणी बंद झालं. मोटार जळाली होती, बाकी काही नाही, पण व्याही पोह्यांची बशी अर्धी ठेवून उठले आणि हात जोडून म्हणाले, "माफ करा बाई, मी यायलाच नव्हतं पाहिजे." लग्नात ते पाण्याच्या ड्रमपासून एवढे लांब बसले होते, की फोटोत मांडवाबाहेरचे कुणी वाटतात. दर वर्षी दीक्षाभूमीला नागपूरला जातात, पण चैत्यभूमीला दादरला एकदाही नाही. विचारलं तर म्हणतात, "गर्दी सोसत न्हाई." जसं काही नागपूरला एकटेच असतात! खरं कारण त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. दादरला समुद्र आहे.

त्या माउलीने मिनतवाऱ्या करून पाहिल्या आणि शेवटी एका डिसेंबरात गावातल्या बायांबरोबर ती दादरला गेली. येताना प्लास्टिकच्या बाटलीत समुद्राचं पाणी घेऊन आली आणि नवऱ्यापुढे ठेवून म्हणाली, "घ्या. आता हे आटवून दाखवा." बाटलीचं झाकण येतानाच हरवलं होतं, म्हणून तोंडाला कापडाचा बोळा. व्याह्यांनी ती फडताळात ठेवली आणि खात्याच्या शिस्तीने रोज आठ वाजता बघू लागले. दोन उन्हाळ्यांत पाणी गेलं, तळाला चिमूटभर मीठ राहिलं. तोवर ती माउलीही गेली होती. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना मिशी एकदाही हलली नाही.

लेक आणि जावई हँबुर्गला असतात. आमच्या यजमानांच्या गुडघ्यांनी नकार दिला म्हणून गेल्या साली मी आणि व्याही असे दोघेच विमानाने तिकडे गेलो. पहिल्याच दिवशी व्याह्यांनी घरातली सगळी भांडी, पातेली, फुलदाणी आणि लेकीचे काचेचे उंच पेले नळाखाली भरून ओळीने मांडून ठेवले. "बाबा, इथे पाणी चोवीस तास असतं," जावई म्हणाले. "आज हाय," व्याही म्हणाले, "उद्याचं कोण सांगावं?" ज्या शहरात म्हणे छत्रीशिवाय कुणी दाराबाहेर पडत नाही, तिथे आम्ही उतरल्यापासून आठ दिवस थेंब पडला नाही. शेजारीपाजारी उघड्या अंगाने उन्हात पडले होते, खुशीत होते. व्याही तेवढे खिडकीशी अपराध्यासारखे बसून होते. जावयांनी आमच्यासाठी घेतलेली लांब काळी छत्री कोपऱ्यात तशीच उभी होती.

रविवारी जावयांनी बेत काढला, एका दिवसात गाडीने समुद्रकाठची तीन ठिकाणं पाहून यायचं. आधी हुझुम, मग ब्यूझुम, शेवटी एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह. दीपगृह खास माझ्यासाठी होतं. सव्वीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला आणि फळ्यावर दीपगृहं काढली, पण खरं एकही पाहिलेलं नव्हतं. व्याही आधी नाहीच म्हणाले. लेकीने समजावलं, "बाबा, समुद्र आहे तो, तलाव नाही. तुमच्याने काय होणार त्याला?" तेव्हा तयार झाले. निघताना त्यांनी पिशवीत काहीतरी हळूच ठेवलं. मी डोकावले, तीच बाटली होती, तळाच्या मिठासकट. हसनाबादहून इथवर ती आणली होती आणि कुणाला बोलले नव्हते. तेव्हा मला कळलं की हा माणूस सहलीला निघालेला नाही, निकाल ऐकायला निघाला आहे.

हुझुमला बंदरापाशी उतरलो. दोन्ही अंगांना रंगीत घरं, हॉटेलांच्या खुर्च्या, आईस्क्रीम खाणारी माणसं, आणि मधे बंदरात नुसता चिखल. होड्या त्या चिखलात कुशीवर पडल्या होत्या. भिंतीला पाण्याची पातळी मोजायची पट्टी होती, आमच्या तलावांना असते तशीच, आणि ती खालपर्यंत कोरडी होती. व्याह्यांनी ती पाहिली, सवयीने वाचली, आणि गाडीत जाऊन बसले. मी मागोमाग गेले तर म्हणाले, "इहीनबाई, समुद्र बी जोत्याखाली."

मी सांगितलं, अहो, ही ओहोटी. चंद्र ओढतो, पाणी जातं, परत येतं. मी सातवीला हेच तर शिकवत होते! पण मनातून मीही हादरले होते. जालन्यात बसून शिकवणाऱ्या बाईला वाटायचं, ओहोटी म्हणजे पाणी चार पावलं मागे सरत असेल. ते असं जिल्हा सोडून जातं हे पुस्तकात नव्हतं. व्याह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "चंद्र रोजच हाय," ते म्हणाले, "मी आज आल्तो."

ब्यूझुमला ते गाडीतून उतरायलाच तयार नव्हते. "मी जितका लांब तितकं बरं. तुम्ही जाऊन या, तुम्हाला दिसंल." लेकीचे डोळे भरले. पण त्या गावाला समुद्राच्या बाजूने मातीचा उंच बांध आहे, मैलोगणती लांब, आणि तो दिसताच व्याह्यांच्यातला पाटबंधाऱ्याचा माणूस जागा झाला. खाली उतरले, उतार डोळ्यांनी मोजला, गवत टाचेने दाबून पाहिलं. बांधावर मेंढ्या चरत होत्या. "बघा, मेंढरं चारून बांध दाबून राह्यले. आपल्याकडं बांधावर बाभळी उगतेत आन् मुळ्या आत शिरतेत. म्या किती डाव लिहून दिलं, कुणी वाचलं न्हाई!" असं बोलत बोलत ते कधी माथ्यावर पोचले त्यांनाच कळलं नाही. पलीकडे पाहिलं तर क्षितिजापर्यंत राखी चिखल, आणि त्यात अनवाणी फिरणारी माणसं. बांधावर छपराच्या मोठ्या टोपल्यांसारख्या खुर्च्या मांडल्या होत्या. एकीत एक म्हातारी जर्मन बाई बसली होती. व्याही तिच्यापुढे गेले, हात जोडले आणि म्हणाले, "सॉरी मॅडम. व्हेरी सॉरी." बाई हसून म्हणाली, "मॉइन!" तिकडे सकाळ-संध्याकाळ सगळ्याला हा एकच शब्द चालतो. व्याह्यांनी लगेच "जय भीम" केला. आपलंही सकाळ-संध्याकाळ तेच, म्हणून त्यांना ती बाई तेवढ्यापुरती आपली वाटली.

तिथेच एक फलक होता. समुद्र किती वाजता जाणार आणि किती वाजता येणार, याचं वेळापत्रक, तारीखवार. जावयांनी वाचून दाखवलं. पूर्ण भरती पाच वाजून चाळीस मिनिटांनी. व्याही आ वासून उभे राहिले. "आधीच छापून ठिवलंय? सालभराचं? आपल्याकडं टँकरचं उद्याचं कुणी सांगत न्हाई!" मग चेहरा पडला. "पर छापलं तव्हा मी येनार हे त्यांना कुठं ठाव होतं."

जावई घड्याळ बघत होते; दीपगृहाला जायचं तर तासाभरात निघायला हवं होतं. सव्वीस वर्षांचं माझं दीपगृह! मी त्या माणसाकडे पाहिलं. बांधाच्या पायथ्याशी शेवटच्या पायरीवर ते पँट दुमडून उभे होते, निकालाच्या दिवशी दहावीचं पोर उभं राहतं तसे. मला रागही आला आणि वाईटही वाटलं. शेवटी मीच म्हणाले, "दीपगृह कुठे पळून जात नाही. पळून जातो तो समुद्र. बसू या."

व्याह्यांना पट्टी हवी होती, पट्टीशिवाय पाणी आलं हे ते मानणार नव्हते. ती लांब छत्री आली कामाला. मी पर्समधलं टिकल्यांचं पाकीट दिलं. त्यांनी मिटलेल्या छत्रीवर वीत-वीत अंतराने टिकल्या लावल्या आणि छत्री पायरीखालच्या खोल चिखलात रोवली. येणारे-जाणारे थबकून बघत होते. एकाने फोटोही काढला. आम्ही डब्यातले धपाटे खाल्ले. व्याह्यांनी खाल्ले नाहीत. दोन तास काही घडलं नाही. आणि मग लाट नाही, आवाज नाही, आपल्या रानात पाटाचं पाणी सरीसरीतून शिरतं तसं ते लांबून चिखलाच्या घळींतून येऊ लागलं. छत्री ओली झाली. पहिली टिकली बुडाली, दुसरी बुडाली. व्याही मोठ्याने पातळी पुकारत होते, जणू पलीकडे तालुक्याची कचेरी ऐकते आहे. पाणी पायरीला लागलं, त्यांच्या अंगठ्यांना लागलं, घोट्यांवर आलं. ते जागचे हलले नाहीत. मागे वळून म्हणाले, "इहीनबाई, हे माह्याकडं येऊन राह्यलंय." मिशी हलत होती. पाच-चाळीसला सगळ्या टिकल्या पाण्याखाली होत्या. त्यांनी बाटली काढली, ते जुनं मीठ तसंच ठेवून वर नवं पाणी भरलं, आणि कुणाला तरी सांगितल्यासारखं पुटपुटले, "आटलं न्हाई बघ." छत्री काढायची राहून गेली. ती अजून तिथेच असेल.

बाटली आता हसनाबादच्या फडताळात आहे. पाण्याच्या रेघेवर बाहेरून माझी टिकली लावली आहे. तोंडाला बोळाच, दुसरं झाकण लावा म्हटलं तर "तिनं आणलेली तशीच राहू द्या" म्हणतात. रोज सकाळी आठ वाजता माझा फोन वाजतो. "इहीनबाई, पाणी बराबर हाय." एवढंच. मी "बरं" म्हणते. मुलगा परदेशात, घरात एकटे. आकडा कळवायला आता तालुक्याची कचेरी नाही, मी आहे.

या उन्हाळ्यात मी भेटायला गेले. व्याही चहा ठेवायला आत गेले तेव्हा सहज फडताळाकडे पाहिलं. पाणी टिकलीच्या दोन बोटं खाली होतं. ज्या माणसाने दुष्काळातही पट्टीवरचं एक बोट खोटं लिहिलं नाही, तो मला महिनोन् महिने "बराबर" सांगत होता. मी माठातलं पेलाभर पाणी घेतलं, बोळा काढला, टिकलीला लागेपर्यंत ओतलं, आणि चहा येण्याआधी जागेवर येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आठला फोन वाजला.

"इहीनबाई, काल दुपारी चारच्या सुमाराला भरती आली."

तीस वर्षं पाणी वाचलेल्या माणसाच्या नजरेतून दोन बोटं सुटली नव्हती.

"पुढची भरती कधी हाय ते सांगून ठिवा," व्याही म्हणाले, "म्हंजे म्हशीचं दूध घेऊन ठिवतो. काल चहा पातळ झाल्ता."

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, चष्मा लावला, आणि तारीख, वार, वेळ सगळं सांगितलं.