अर्धा कोयता

जनगणनेचं प्रशिक्षण पुन्हा लागलं आहे. या खेपेला सगळं मोबाईलवर भरायचं, असं तालुक्याहून कळवलं. मी कपाटातून मागच्या वेळची पिशवी काढली. तिच्यात सूचनांची पुस्तिका होती, आणि तिच्या एका पानाला मी तेव्हा घातलेली घडी अजून तशीच आहे.

माझी शाळा तेव्हा पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या पुढे, एका लहान गावात होती. थोरल्या बहिणीचं सासरही तिथंच. मी तिला अक्का म्हणायचो. आमचे आईवडील ऊसतोडीला जायचे तेव्हा आम्हा दोघांपैकी एकालाच चुलत्यांकडे ठेवणं शक्य होतं. मी राहिलो, म्हणून शिकलो. अक्का त्यांच्याबरोबर फडावर गेली आणि लग्नानंतरही दर दिवाळी झाली की जातच राहिली.

मोजणी फेब्रुवारीत होती, म्हणजे गाव निम्मं रिकामं असण्याच्या दिवसांत. नियम साधा होता. मोजणीच्या वीस दिवसांत माणूस जिथं राहत असेल तिथं त्याची नोंद करायची. बाहेर असलेल्याचं नाव गावात लिहायचं नाही, नाहीतर तो दोनदा मोजला जाईल. घडी घातलेलं पान ते हेच.

अक्काच्या घरी तिची सासू एकटीच दारात तूर पाखडत होती. घरात कोण कोण, असं मी विचारलं. त्या गावात फडावर गेलेल्या माणसाबद्दल कोणी 'नाही' म्हणत नाही, ते अभद्र समजतात. म्हातारीने चौघांची नावं सांगितली: ती स्वतः, मुलगा, सून आणि नात. मी एकच लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"झालं व्हय, मास्तर? चार मानसं येवढ्याशा जागंत मावली?"

मी हसून फॉर्म पिशवीत ठेवला. माझ्या फॉर्मांत कुठंही खाडाखोड नव्हती, आणि मला त्याचा अभिमान होता.

चार दिवसांनी मुकादमाच्या मोबाईलवरून अक्काचा फोन आला. कृष्णाकाठच्या एका कारखान्याजवळ त्यांच्या कोप्या होत्या, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या झोपड्या. तिथंही एक मोजणारा येऊन गेला होता. मोटारसायकलवरून न उतरताच त्याने विचारलं, कुठले तुम्ही. तोडणीवाल्यांना हे कोणीही विचारलं की ते आपलं गाव सांगतात. निम्मं वर्ष जिथं काढतात ती जागा आपली म्हणून कोणी सांगत नाही. सगळ्यांनी पाथर्डी सांगितलं. मग तुमची नावं तिकडं लागतील, असं म्हणून तो निघाला. मुकादमाने मागून ओरडून कोयते किती ते सांगितलं. मुकादमाच्या लेखी नवरा-बायको मिळून एक कोयता.

अक्काला याचंच हसू येत होतं.

"आमी दोघं मिळून एक, अन् पोरगी तर त्यात न्हाईच. तू तरी नीट मोजलं आसशील. सरकारी मानूस तू."

"लिहिलंय," मी म्हणालो.

"माजं नाव कसं लिवलंस? सासरचं का आपलं?"

"दोन्ही."

ती म्हणाली, "बरं केलंस."

खरं सांगून, त्या माणसाला परत बोलावून घे, एवढं म्हणता आलं असतं. मुकादमाला पुन्हा फोन करता आला असता. रविवारी करू असं मी ठरवलंही होतं. रविवारी मी बेरजा जुळवत बसलो.

महिना संपायला दोन दिवस होते. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना अक्काचा पाय सरकला. ती मानेवर पडली आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी जीप गावात आली. दाजी पुढे बसले होते आणि भाची मागे, आईच्या पायांशी. बरोबर आलेला मुकादम फोनवर कोणाला तरी सांगत होता की यांचा आता अर्धा कोयता झाला. तोडणीत एकट्या माणसाला तसंच म्हणतात, त्याने वेगळं काही म्हटलं नव्हतं. तरी ते माझ्या कानांतून अजून गेलेलं नाही.

मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत प्रत्येक घरी फिरून जायचं असतं. मधल्या काळात जन्मलेल्याचं नाव वाढवायचं, मेलेल्याचं खोडायचं. दहावाही झाला नव्हता. त्या घरी दुसऱ्या कोणाला पाठवा, असं मी म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही.

दाजी आणि भाची कुठंच मोजले गेले नव्हते आणि आता गावात होते, म्हणून त्यांची नावं नियमाने घेता आली. दाजींनी खाली मान घालूनच वयं सांगितली. फॉर्मवर तीन नावं झाली. मी पेन बंद करू लागलो तेव्हा घोंगडीवर बसलेल्या म्हातारीने माझं मनगट धरलं. मेलेल्याचं नाव मास्तर खोडतात, हे तिला शेजारणीने सांगितलं होतं.

"तिचं खोडू नगंस, मास्तर. ऱ्हाऊ दे तेवढं."

"नाही खोडत," मी म्हणालो.

तिने हात सोडला. मी फॉर्म पिशवीत ठेवला. त्याच्यावर कुठंही खाडाखोड नव्हती.