देवघरातला पट्टा

गावात एसटीडीचा पिवळा बूथ आला, त्याच वर्षी मी जुनी डिझेल जीप घेतली. माझं खतांचं दुकान होतं, माजलगावला सारख्या खेपा पडायच्या. जीप चालत होती चांगली, पण त्या भाद्रपदात सकाळी चालू केली की बॉनेटखालून किंचाळायला लागली.

माजलगावच्या मिस्त्रीनं पंख्याचा पट्टा उलटा करून दाखवला. आतल्या बाजूनं उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा पडल्या होत्या.

"मालक, आवाज आला, चिरा दिसल्या, का बोटानं दाबल्यावर लई आत गेला, की बदलायचा. तुटायची वाट बघायची न्हाई. ह्याच्यावरच पाण्याचा पंप फिरतो. हा तुटला की इंजिन तापलंच म्हणून समजा."

मिस्त्रीकडं त्या दिवशी गर्दी होती. मी नवा पट्टा विकत घेतला आणि घरी बसवू म्हणून निघालो. बोल्ट कसा ढिला करायचा ते त्यानं दाखवलं होतं.

घरी आईनं पट्टा हातातून काढून घेतला.

"पितरपाठात नवं काय बसवीत असत्यात व्हय? घट बसू दे. तवर चालंल की."

वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. ते रागावतील अशी जी भीती तिला ते असताना वाटायची, ती ते गेल्यावर जास्तच वाटायला लागली. तिनं पट्ट्याला कुंकू लावलं आणि तो देवघरात ठेवला. मीही वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मनातून मीही घाबरलो होतो. पट्टा बसवला आणि पुढे काही बरंवाईट झालं, तर ते माझ्या माथी आलं असतं.

चार दिवसांनी माझ्या तीन वर्षांच्या मुलीला ताप भरला. दुपारी तिचे डोळे पांढरे झाले, हातपाय ताठ झाले. झटका ओसरला, पण पोर शुद्धीवर येईना. बायको माहेरी होती. आईनं लेकराला मांडीवर घेतलं आणि मी जीप काढली. माजलगाव वीस किलोमीटर.

निम्म्या वाटेत बॉनेटखाली फटकन आवाज झाला आणि समोर लाल दिवा लागला. काय झालं ते मला बघावं लागलं नाही.

इंजिन चालू होतं. तशीच पुढे रेटली, तर काटा बघता बघता लाल पट्टीत गेला. थांबलो.

"कावून थांबलास रे?" आई मागून ओरडली.

"पट्टा तुटला."

तिनं लेकराला आणखी छातीशी ओढलं.

दुपारची एसटी निघून गेली होती. ऊस अजून तोडीला आला नव्हता, त्यामुळे रस्त्यावर एक ट्रॅक्टरसुद्धा नव्हता. दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस, मागे आई, आणि तिच्या मांडीवर माझी मुलगी, डोळे अर्धे उघडे. मी कालव्यातून डबाभर पाणी आणलं आणि धीर न धरता रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफेनं मनगट भाजलं. ते दुखतंय हे मला संध्याकाळपर्यंत कळलंसुद्धा नाही.

पाणी ओतायचं, दोन किलोमीटर जायचं, काटा चढला की थांबायचं. असं पाच वेळा केलं. प्रत्येक वेळी इंजिन निवेपर्यंत मी बॉनेटवर हात ठेवून उभा राहायचो आणि मागं बघायचं टाळायचो. तिसऱ्या थांब्याला मुलीला पुन्हा झटका आला. ओठ निळे पडले. आई ओला पदर तिच्या कपाळावर दाबत होती आणि एकच बोलत होती, "माझी माय, डोळे उघड." मला वाटलं, संपलं. असं भ्यायल्याचं मला आयुष्यात दुसरं आठवत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. तासाभरानं मुलगी रडली. तिचं रडणं ऐकून जिवात जीव आला.

मी बाहेर येऊन जीपच्या पायरीवर बसलो. थोड्या वेळानं आई आली. तिचा पदर अजून ओला होता. बॉनेट उघडंच होतं, ती वाकून आत बघत राहिली. पट्ट्याचा एक तुकडा पंख्याला अडकला होता. तो तिनं ओढून काढला आणि भेगांवरून बोट फिरवलं.

"ह्या चिरा तवाबी हुत्या?"

"होत्या."

"मग मला कावून न्हाई दाखिवल्या?"

दाखवल्या असत्या, तर तिनं ऐकलं असतं, हे मला तेव्हा कुठं कळलं.

"जा, हितल्या दुकानातून दुसरा आन आन् आत्ताच बसव," ती म्हणाली.

"आई, अजून पितरपाठ आहे."

तिनं तो तुकडा माझ्या हातात ठेवला.

"त्यास्नी मी सांगते. तू पान्हा काढ."